ओलं कोकरू, गार पहाट : पहिल्या चोवीस तासांत अंगाची ऊब कशी टिकवायची

पावसाळ्याच्या सुरुवातीला, जून-जुलैत फळलेली मेंढी पाच महिन्यांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात विते. दख्खनच्या पठारावर हे दिवस दुपारी उन्हाचे आणि पहाटे कडाक्याचे. पारनेर, शिरूर, माण या पट्ट्यात दुपारी तिशीजवळ गेलेला पारा पहाटे १०-१२ अंशांवर येतो, निफाडकडे तर त्याहूनही खाली. पोटात असताना कोकरू साडेएकोणचाळीस अंशांच्या उबेत असतं. पहाटे तीन वाजता ते बाहेर पडतं तेव्हा क्षणात २५-३० अंशांचा फरक पडतो, आणि तोही चिंब ओल्या अंगाने.

अशी बरीच कोकरं सकाळी मेलेली सापडतात आणि ‘थंडीने गेलं’ एवढं म्हणून विषय संपतो. मात्र त्यातली काही ओलेपणाने गेलेली असतात, काही उपाशीपणाने. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि उलटसुलट केले तर वाचणारं कोकरूही हातचं जातं. या लेखाचा सगळा भर त्या क्रमावर आहे.

ऊब जाते कुठे, येते कुठून

आधी एक हिशेब. कोकराच्या लोकरीत गर्भजल मुरलेलं असतं. त्यातलं फक्त ५० मिलि, म्हणजे अर्धा कप पाणी वाळायला साधारण २९ किलोकॅलरी उष्णता लागते. तीन किलोच्या कोकराचं तापमान एका अंशाने वाढवायला अडीच किलोकॅलरी पुरतात. म्हणजे हे अर्धा कप पाणी कोकराने स्वतःच्या अंगावर वाळवलं, तर त्याच्या ११-१२ अंशांएवढी ऊब नुसती वाफेबरोबर जाते. प्रत्यक्षात तापमान तेवढं उतरत नाही, कारण कोकरू आतून उष्णता तयार करत राहतं. पण त्याच्यावर किती बोजा पडतो ते या आकड्यावरून कळतं. वारा असला की वाळण्याचा वेग वाढतो आणि बोजाही.

दुसरी अडचण आकाराची. शरीर जितकं लहान तितकं त्याच्या वजनाच्या मानाने कातडं जास्त, आणि ऊब कातड्यातूनच जाते. म्हणून एकाच रात्री, एकाच वाड्यात (मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामात) साडेतीन किलोचं कोकरू तग धरतं आणि दोन किलोचं जुळं गारठतं.

ऊब तयार करायला कोकराकडे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे थरथरणं, स्नायू जळून येणारी उष्णता. दुसरा मार्ग तपकिरी चरबीचा. मूत्रपिंडांभोवती, हृदयाजवळ, मानेशी ही चरबी साठलेली असते. तीन किलोच्या कोकरात ती जेमतेम ५०-६० ग्रॅम भरते, पण तिचं कामच जळून उष्णता देणं. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगांतून असं दिसलं की, कडाक्याच्या थंडीत कोकरू जी जादा उष्णता निर्माण करतं, तिच्यातला जवळपास निम्मा वाटा न थरथरता, मुख्यतः या चरबीतून येतो. गर्भात असताना वारेतून येणारे काही घटक तिला पेटू देत नाहीत. नाळ तुटली, श्वास सुरू झाला, गार हवा कातड्याला लागली की ती पेट घेते.

जन्मताना अडून बसलेलं, श्वास गुदमरलेलं कोकरू इथेच मागे पडतं. चरबी आहे, पण ती जाळायला पुरेसा प्राणवायू रक्तात नाही. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या कोकराकडे चरबीच कमी. ही दोन्ही कोकरं दिसायला ठीक वाटली तरी पहिल्यापासून धोक्यातली धरायची.

कोरडं कोकरू आडोशाला असेल तर साधारण २५-३० अंशांच्या हवेत त्याला जादा उष्णता करावी लागत नाही. अंग ओलं असेल तर ३५ अंशांची हवाही त्याला गार वाटते. आपल्याला घोंगडीची गरज भासत नाही अशा २० अंशांच्या संध्याकाळीसुद्धा ओल्या कोकराचा साठा जळतच असतो. हा साठा ओल्यात, वाऱ्यात पाच-सहा तासांत संपू शकतो. कोरड्यात, उबेत दोन-तीन दिवसही पुरतो.

विण्याआधीचं काम

कोकराचं निम्म्याहून जास्त वजन मेंढीच्या गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत वाढतं, आणि तपकिरी चरबीही याच काळात भरते. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास रानात गवत असतं म्हणून गाभण मेंढीला वेगळा खुराक कशाला, असं बरेच जण म्हणतात. एकच कोकरू पोटात असेल आणि चारा खरंच चांगला असेल, तर ते चालून जातं. जुळी असतील, किंवा वाडा रोज लांबच्या मजला मारत असेल, तर चालत नाही. मूठ-दोन मूठ भरडलेला मका किंवा ज्वारी आणि थोडी पेंड या दीड महिन्यात दिली, तर कोकराचं वजन आणि मेंढीचा चीक, दोन्हींत फरक दिसतो. एकदम जास्त धान्य घालू नका, पोट बिघडतं. आठवडाभरात हळूहळू वाढवा.

विणारी मेंढी ओळखता येते. कास ताठते, निरण (योनीचं तोंड) सुजून लालसर होतं, ती खांडापासून (कळपापासून) बाजूला होते, खुरांनी जमीन उकरते. अशा मेंढ्या संध्याकाळीच वेगळ्या काढून आडोशाला घ्या.

आता जागा. शेतात खतासाठी मेंढ्या बसवताना मालक सांगेल तिथे वाघूर (जाळीचं कुंपण) लागते, हे खरं. तरी विणाऱ्या मेंढ्यांपुरती जागा मागून घ्यावी. ओढ्याचा किंवा नाल्याचा तळ नको, कारण निरभ्र रात्री गार हवा उतरून तिथे साठते. थोड्या उंचवट्यावर दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. नुकतं पाणी दिलेलं रान नको. उघड्या आभाळाखाली असण्यापेक्षा झाडाखाली बरं, कारण रात्री अंगातली उष्णता थेट आभाळाकडे जाते आणि झाडाचा डेरा ती बऱ्याच अंशी अडवतो. बांधाचा, उभ्या उसाचा किंवा कडब्याच्या गंजीचा आडोसा अशा बाजूला असावा की वारा अडेल. हिवाळ्यात पठारावर वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. वाघुरीच्या जाळीतून वारा सरळ आत शिरतो, म्हणून त्या बाजूला गोणपाट किंवा ताडपत्री कोकराच्या उंचीइतकी, दोन-तीन फूट बांधली तरी भागतं. खाली पाचट किंवा कडब्याचा चुरा चार-पाच बोटं जाड पसरा. ओली जमीन खालून ऊब खेचते, आणि त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

जवळ असू द्या : जुन्या सुती कापडाचे तुकडे, डिजिटल थर्मामीटर, टिंक्चर आयोडीन, ६० मिलिची सिरिंज, मऊ फीडिंग ट्यूब, दोन रिकाम्या पाण्याच्या बाटल्या आणि डालगं (कोकरं ठेवायची मोठी टोपली). डालगं बहुतेकांकडे असतंच. थर्मामीटर आणि ट्यूब या दोन वस्तू मात्र मेंढपाळाच्या पिशवीत क्वचित दिसतात. दोन्हींची मिळून किंमत एका कोकराच्या किमतीपुढे काहीच नाही.

पहिला अर्धा तास

कोकरू बाहेर आलं की आधी नाकातोंडावरचा चिकट पडदा काढा. श्वास लागत नसेल तर गवताची काडी नाकपुडीत हलकेच फिरवा, छाती कापडाने चोळा.

मग ते मेंढीच्या तोंडापुढे ठेवा आणि दोन पावलं मागे या. ती चाटत असेल तर चाटू द्या. चाटण्याने कोकरू वाळतं, त्याचं रक्त खेळतं आणि आईला वास ओळखीचा होतो. पहिलारू मेंढी बावरून बाजूला झाली, वारा फार असला किंवा जुळ्यांपैकी एकावरच तिचं लक्ष असलं, तर हात घाला. कोरड्या कापडाने पाठीपासून सुरुवात करून पोट, बगला, मांड्यांची आतली बाजू आणि कान पुसा. पहिलं कापड भिजलं की दुसरं घ्या. ओल्या कापडाने चोळत राहणं फुकट. कोकरू नखशिखांत पुसू नका, शेपटीकडचा वास राहू द्या.

नाळ आयोडीनमध्ये बुडवून काढा.

जन्मानंतर पहिल्या अर्ध्या-एक तासात तापमान एक-दीड अंशाने उतरतं आणि पुन्हा चढतं. हे सगळ्यांचंच होतं, घाबरायचं कारण नाही. धडपडून उठणारं, सडाकडे तोंड नेणारं कोकरू स्वतःचं बघून घेतं. तासाभरात उठलंच नाही, तर पुढच्या पायरीकडे जा.

चीक : आतली शेकोटी

तपकिरी चरबीचा साठा संपायच्या आत पोटात चीक पडला पाहिजे. चिकात स्निग्धांश भरपूर, म्हणजे जळण भरपूर. शिवाय मेंढीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं कोकराला मिळत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात, आणि आतड्याची ती शोषून घेण्याची ताकद चोवीस तासांत संपते. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, अशी समजूत काही ठिकाणी अजून आहे. ती सोडून द्या. वार पडायला काही तास लागू शकतात, आणि थांबायला कोकराकडे तेवढा वेळ नसतो.

मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत. पहिल्या दोन तासांत किलोमागे ५० मिलि, पहिल्या चोवीस तासांत किलोमागे २०० मिलि. तीन किलोच्या कोकराला पहिल्यांदा १५० आणि दिवसभरात ६००, दोन किलोच्याला १०० आणि ४००. आईला स्वतः लुचत असेल तर मोजायची गरज नाही, पोट हाताने चाचपा. भरलेलं पोट गोल लागतं, रिकामं असेल तर बरगड्यांमागे खड्डा पडतो. शेपूट हलवत लुचतंय म्हणून दूध मिळतंयच असं धरू नका. सडाच्या तोंडाशी मेणासारखा चिकट खडा असतो. दोन्ही सड एकदा पिळून धार येते का बघा.

आईला चीक नसेल तर त्याच रात्री व्यायलेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा घ्या. तेही नसेल तर गायीचा चालतो, मात्र तो पातळ असल्याने थोडा जास्त पाजा. गार चीक गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करा, चुलीवर ठेवू नका. आच लागली की त्याचा खरवस होतो आणि त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यंही निकामी होतात.

ट्यूबने पाजायचं तर पहिल्यांदा पशुवैद्यकासमोर करून शिका. नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत लांबी मोजून ट्यूबवर खूण करायची, कोकरू मांडीवर घेऊन तोंडाच्या कोपऱ्यातून हलकेच सरकवायची, ते गिळत असताना ती आपोआप खाली जाते. खोकलं, धडपडलं की लगेच बाहेर काढा, ती श्वासनलिकेत गेली असेल. सिरिंजचा दट्ट्या काढून चीक ओता आणि आपल्या वजनाने उतरू द्या. दाबून ढकलू नका.

थर्मामीटर काय सांगतो

तोंडात बोट घालून गार लागतं का बघणं ही जुनी परीक्षा चांगलीच आहे, पण तोंड गार लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. पाठ कमानीसारखी वर काढून, चारही पाय एकत्र घेऊन उभं राहिलेलं, आईच्या मागे न जाणारं कोकरू दिसलं की लगेच मोजा. टोकाला थोडं तेल लावून थर्मामीटर गुदद्वारात दोन-अडीच सेंमी आत सरकवा, किंचित तिरका धरा म्हणजे टोक आतल्या भिंतीला टेकेल.

औषधाच्या दुकानातला थर्मामीटर बहुधा फॅरनहाइट दाखवतो, म्हणून दोन्ही आकडे देतो. ३९ ते ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०२ ते १०४ फॅरनहाइट : ठीक. ३७ ते ३९, म्हणजे ९८.६ ते १०२ : गारठायला लागलं आहे. ३७ म्हणजे ९८.६च्या खाली : जीव धोक्यात. माणसाला ९८.६ म्हणजे छान, या सवयीने इथे फसायला होतं. बरेच थर्मामीटर ९० फॅरनहाइटच्या खाली आकडाच दाखवत नाहीत, तेव्हा तो बिघडला असं समजून बाजूला टाकू नका.

गारठलेल्या कोकराचं काय करायचं

इथे दोनच प्रश्न विचारायचे : तापमान किती, आणि जन्मून किती तास झाले. या दोन उत्तरांवर क्रम ठरतो. स्कॉटलंडमधल्या पशुवैद्यकांनी १९८०च्या दशकात ही पद्धत बसवली आणि तिकडच्या डोंगराळ मेंढपाळीत ती रुळली. पठारावर ती लागू न पडण्याचं काही कारण नाही. कोकराचं शरीर तेच आहे.

तापमान ३७ ते ३९च्या मध्ये असेल तर वय काहीही असो, कोरडं करा, चीक पाजा, आडोशाला आईसोबत ठेवा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. बहुतेक कोकरं एवढ्यावर सावरतात.

तापमान ३७च्या खाली आणि जन्मून पाच तास व्हायचे आहेत : हे ओलेपणाने गारठलेलं कोकरू. अंगात साठा अजून आहे, पण ऊब जाण्याचा वेग त्याच्या ताकदीबाहेर गेला आहे. याला आधी कोरडं करा, मग शेक द्या, तापमान ३७ ओलांडून ३८कडे सरकलं की चीक पाजा. पाजायची घाई नको. गारठलेल्या कोकराला गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं.

तापमान ३७च्या खाली आणि पाच तास उलटून गेले आहेत : हे उपाशी कोकरू. चरबी जळून संपली आहे, रक्तातली साखर तळाला गेली आहे. याला शेकोटीजवळ नेलं की अंग तापू लागतं, तापलेल्या शरीराची साखरेची मागणी वाढते, साखर तर नाहीच, आणि मेंदू उपाशी पडून कोकरू झटके देऊन मरतं. ‘शेकत होतो, बरं वाटायला लागलं होतं, आणि एकाएकी गेलं’, हे ऐकायला मिळतं ते यामुळे. इथे आधी साखर, मग शेक. मान धरत असेल, गिळत असेल, तर ट्यूबने कोमट चीक आधी द्या. मान टाकली असेल तर तोंडावाटे काहीच नाही. २० टक्के ग्लुकोज, किलोमागे १० मिलि, अंगाइतकं कोमट करून पोटाच्या पोकळीत टोचावं लागतं. हे काम पशुवैद्यकाचं, किंवा त्यांच्याकडून नीट शिकलेल्याचं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा. किराणा दुकानातली ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून कधीही टोचू नका.

शेक कसा द्यायचा? वाड्यावर वीज नसते, तेव्हा सगळ्यात हुकमी जागा म्हणजे माणसाचं अंग आणि घोंगडी. कोरडं केलेलं कोकरू सदऱ्याच्या आत घेऊन वर घोंगडी पांघरली की ऊब सावकाश आणि सारखी मिळते. माणूस मोकळा नसेल तर डालग्यात पाचट घालून, गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवा. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम, दर पाऊण तासाने बदला. शेकोटीला मी शेवटचा नंबर देईन. एका बाजूने कातडं भाजतं, दुसरी बाजू गारच, आणि धूर छातीत जातो तो वेगळा. पत्र्याच्या शेडमध्ये बल्ब लावणार असाल तर कोकरापासून दोन फूट उंच, तारेने पक्का बांधा. कडब्यात पडलेल्या बल्बने शेड पेटायला वेळ लागत नाही.

कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आत, मान वर धरून बुडवलं तर तापमान सगळ्यात भराभर चढतं. पण वास धुतला जातो आणि आई नाकारते. मोठ्या प्लास्टिक पिशवीत मानेपर्यंत घालून मग बुडवलं तर वास राहतो, अंगही कोरडं राहतं.

दर अर्ध्या तासाने मोजा. ३८ झालं की शेक थांबवा. ४०च्या पुढे गेलं तर आपणच त्याला उष्माघाताकडे नेतोय. कोकरू चीक पिऊन स्वतः उभं राहिलं की लगेच आईकडे, छोट्या कुडात दोघांनाच. फार वेळ लांब ठेवलं तर मेंढी ढुशा मारते.

जुळी आणि अवकाळी

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचं जुळं देणारं जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. अशा मेंढ्या पाळणाऱ्यांना दर वेताला जास्त कोकरं मिळतात, पण दर कोकरामागचं वजन कमी असतं. त्यांच्याकडे विण्याच्या हंगामात रात्रीचा एक माणूस जागा हवाच. जुळ्यांतलं धाकटं सगळ्यात आधी मोजा. कोरडं झाल्यावर त्याला पोत्याचं किंवा जुन्या स्वेटरच्या बाहीचं अंगडं घालता येतं. ते भिजलं की लगेच काढा, नाहीतर त्याचाच गारवा होतो.

थंडी, वारा आणि पाऊस एकत्र आले तर मोठी मेंढीसुद्धा टिकत नाही. डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला पुणे आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यांत अवकाळी पावसाच्या रात्रींत शेकडो मेंढ्या गारठून मेल्या, त्यांत जाणत्याही होत्या. हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी वाडा हलवू नका, आणि दोन आठवड्यांच्या आतली सगळी कोकरं संध्याकाळीच छपराखाली, शाळेच्या पडवीत, देवळाच्या ओवरीत, जिथे मिळेल तिथे घ्या. तपकिरी चरबी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच साध्या चरबीत बदलत जाते, तोवर कोकराचं अंग आणि लोकर भरलेली असावी लागते.

उन्हाळ्यातलं वेत

फाल्गुन-चैत्रातल्या वेताला उलटी अडचण. ओलं अंग इथे फायद्याचं, पण काळ्या दख्खनी कोकराचं कातडं दुपारच्या उन्हात झपाट्याने तापतं. धाप लागली, तोंड उघडं पडलं आणि तापमान ४१च्या, म्हणजे १०५.८ फॅरनहाइटच्या पुढे गेलं, की सावलीत घेऊन पोट आणि पाय साध्या पाण्याने ओले करा. बर्फ नको. ४० झालं की थांबा. पत्र्याखालची सावली भर दुपारी खऱ्या सावलीइतकी गार नसते. पत्र्यावर पाचट टाका, शेडच्या दोन बाजू उघड्या ठेवा. कोकराला पाणी मिळतं ते दुधातूनच, म्हणून आईला दिवसातून दोन-तीनदा पोटभर पाणी पाजा. वाड्याची मजल उन्हाआधी संपवा, आणि आठवड्याच्या आतली कोकरं चालवत न नेता घोड्यावर घ्या. गाभण मेंढीलाही शेवटच्या दोन महिन्यांत दुपारची सावली हवी. उन्हाचा ताण बसला तर कोकरू हलकं जन्मतं. त्याच महिन्यात मध्येच एखादी पहाट गार पडली, तर गारठणारं पहिलं कोकरू तेच असतं, तेव्हा थर्मामीटर उन्हाळ्यातही पिशवीतच राहू द्या.